जवळीक आणि संमती

कुटुंब निरोगी कशाने राहते, या प्रश्नास आपल्याकडे उपदेशाचे उत्तर पुष्कळ मिळते. पारखून पाहण्याचे साधन क्वचितच मिळते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे डेव्हिड ओल्सन यांनी सहकाऱ्यांसह १९७९ साली प्रसिद्ध केलेला ‘सर्कम्प्लेक्स’ आराखडा हे असे एक साधन होय.

त्यात दोन मापे आहेत. एक, घरातील माणसांची जवळीक. दुसरे, प्रसंगानुरूप नियम व जबाबदाऱ्या बदलण्याची लवचीकता. प्रत्येकाच्या चार पायऱ्या कल्पून कुटुंबांचे १६ प्रकार केले आहेत. तुटलेपण जितके घातक, तितकीच माणसाला स्वतःचे मन उरू न देणारी अतिजवळीकही घातक, हा त्याचा मुख्य सिद्धांत आम्हांस मोलाचा वाटतो. संवाद हे तिसरे अंग. त्याच्या बळावर घराला टोकावरून मध्याकडे सरकता येते.

मग आपली एकत्र कुटुंबे सदोषच ठरवावयाची काय? हा आक्षेप कर्त्यांनी ओळखला होता. टोकाची रीत घरातील सर्वांस मान्य असेल, तर तेही घर सुखाने चालेल, असे ते म्हणतात. ही उदारता स्वागतार्ह खरी. परंतु आराखड्याची दुबळी बाजूही येथेच आहे.

देवळाच्या मांडवात ‘एकच प्याला’ पाहिलेल्या वाचकांनी सिंधूचे स्मरण करावे. गडकऱ्यांची ही नायिका दळण दळते, माहेरचा आधार नाकारते आणि पतीविरुद्ध अक्षर काढीत नाही. आराखड्याची प्रश्नावली तिच्यापुढे ठेवली असती, तर तिने घराची थोरवीच लिहून दिली असती. तिची संमती खोटी नव्हती. तरीही मूल गेले आणि तीही गेली. नकाराची वाटच जिला ठाऊक नाही, तिच्या होकारावरून घराचे आरोग्य कसे ठरवावे?

म्हणून संवादाला तिसरे नव्हे, पहिले स्थान द्यावे, असे आमचे मत आहे. देवापुढे कौल लावताना उजवी पाकळी पडावी अशी इच्छा असते. पण डावी पडली तरी ती आपण मानतो. घरातील सर्वांत धाकट्या सुनेला विचारताना तेवढी तयारी आपण ठेवतो काय? ती नसेल, तर ते विचारणे नव्हे, केवळ कळविणे होय.