टूलचं वर्णन आणि 'परवा'चा प्रश्न

'परवाचं तिकीट काढ' असं एखाद्या एआय एजंटला सांगून पाहा. मराठीतला 'परवा' मागेही जातो आणि पुढेही. कोणता, ते क्रियापदावरून कळतं. आजची मॉडेलं एवढं ओळखतात. अडतं ते पुढे. तिकीट काढणाऱ्या टूलमध्ये 'तारीख' नावाचा रकाना असतो आणि त्याच्या वर्णनात 'प्रवासाची तारीख' एवढंच लिहिलेलं असतं. तिथे ०५/०६ भरलं तर आपल्याकडे ती ५ जून, अमेरिकेत ६ मे. 'आधी वर्ष, मग महिना, मग दिवस' ही एक ओळ लिहायला अर्धं मिनिटही लागत नाही. तरी ती वारंवार राहून गेलेली दिसते.

टूलचं वर्णन हा आता लेखनाचा स्वतंत्र प्रकार झाला आहे आणि त्याची समीक्षा व्हायलाच हवी, असं मला वाटतं. मॉडेलला टूलच्या आतला कोड सहसा दिसत नाही. त्याच्यापुढे येतं ते टूलचं नाव, दोन-चार ओळींचं वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा. हे टूल उचलायचं की शेजारचं, हे त्याला त्यावरूनच ठरवावं लागतं. नवा प्रोग्रामर अडला की शेजारच्या टेबलावर जाऊन विचारतो. मॉडेल अंदाज बांधून पुढे जातं.

मार्च २०२३मध्ये चॅटजीपीटीची प्लगिन्स आली तेव्हा प्रत्येक प्लगिनला दोन वर्णनं द्यावी लागत, एक माणसासाठी आणि एक मॉडेलसाठी. दोन वाचक वेगळे आहेत, ही जाण त्यात होती. त्याच वर्षी जूनमध्ये ओपनएआयचं फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलला टूल बोलावू देण्याची सोय, आलं. नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रोपिकने मॉडेलला टुलं जोडण्याची सामाईक पद्धत, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, खुली केली. टूल जोडणं सोपं झालं, टुलं भराभर वाढली आणि लेखन मागे पडलं. जुन्या एपीआयच्या माहितीपत्रकातली ओळ उचलून तशीच चिकटवायची सवय लागली. ती ओळ मुळात लिहिलेली असते सगळं आधीच माहीत असलेल्यासाठी.

चांगली उदाहरणंही आहेत. कोडमधल्या चुका दुरुस्त करणारा एजंट बांधताना अँथ्रोपिकच्या अभियंत्यांना दिसलं, की मूळ फोल्डरमधून बाहेर पडल्यावर मॉडेल फाइलचा अर्धवट पत्ता देतं आणि चुकतं. त्यांनी टूललाच पूर्ण पत्ता सक्तीचा केला, चूक थांबली. त्यांच्याच वेब-शोधाच्या टूलमध्ये मॉडेल प्रत्येक प्रश्नामागे विनाकारण '२०२५' जोडत होतं. ते मात्र वर्णन सुधारून सुटलं. मला पहिलं उदाहरण अधिक मोलाचं वाटतं. अवजाराची मूठच अशी घडवली की ते उलटं धरताच येऊ नये, तर वर्णनावरचा भार हलका होतो. रकान्याला 'यूझर'ऐवजी 'यूझर आयडी' असं नाव देणं हीसुद्धा तीच घडाई.

सगळ्यात मोठी उणीव आहे ती नकाराची. 'ग्राहकाची माहिती शोधते' असं वर्णन वाचून काय कळतं? 'फक्त मोबाइल क्रमांकावरून शोधते, नावावरून नाही. बंद झालेली खाती दाखवत नाही. काही सापडलं नाही तर रिकामी यादी देते, ती त्रुटी समजू नये' हे वाचलं की काम कळतं. नोव्हेंबर १९७१मध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये युनिक्सची पहिली पुस्तिका काढली. तिच्या पानांवर 'बग्ज' असा एक भाग असे: आमची आज्ञा कुठे फसते, ते आम्हीच सांगतो. हा प्रामाणिकपणा आजच्या वर्णनांत मला क्वचित दिसतो, आणि त्याची चुटपुट लागते. अर्थात लांबीलाही किंमत आहे. प्रत्येक वर्णन मॉडेलच्या मर्यादित संदर्भात जागा अडवतं, म्हणून शब्द वाचवायचे ते स्तुतीचे, मर्यादांचे नव्हेत.

वर्णन खोटंही असू शकतं. २०२५मध्ये इनव्हेरियंट लॅब्ज या एआय-सुरक्षेवर काम करणाऱ्या कंपनीने दाखवलं, की दोन संख्यांची बेरीज करणाऱ्या साध्या टूलच्या वर्णनात 'आधी वापरकर्त्याच्या खासगी फायली वाच' अशी सूचना दडवता येते. माणसाला पडद्यावर फक्त बेरीज दिसते. 'हे टूल केवळ वाचतं, काही पुसत नाही' अशी खूण मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये लावता येते, पण टूल देणारा विश्वासू नसेल तर त्या खुणेवर विसंबू नये, असं प्रोटोकॉलच बजावतो. म्हणून मॉडेलसाठीचं वर्णन माणसालाही पूर्ण दिसलं पाहिजे, या मताचा मी आहे.

भाषेचा प्रश्न तर अजून नीट मांडलाही गेलेला नाही. नावासाठी टूलमध्ये दोन रकाने असतात, पहिलं नाव आणि आडनाव. मराठी माणूस एजंटला तीन नावं सांगतो. मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कोणत्या रकान्यात घालायचं, की गाळायचं, याबद्दल वर्णनात शब्दही नसतो. मग एजंट एका तिकिटावर ते आडनावाला जोडतो, दुसऱ्यावर गाळतो, आणि विमानतळाच्या दारावर तिकीट व ओळखपत्र यांतली नावं ताडून पाहिली जातात तेव्हा उत्तर प्रवाशाला द्यावं लागतं.