सागरतळाचे चित्र आणि त्यातील सत्य

मराठी कवितेत सागराला जी विशेषणे वारंवार लावली जातात, त्यांत 'अथांग' हे अग्रगण्य मानावे लागेल. ज्याचा थांग लागत नाही ते अथांग. भावनेच्या प्रांतात हे विशेषण शोभून दिसते. परंतु विसाव्या शतकात काही माणसांनी हा थांग लावण्याचे काम हाती घेतले आणि त्यातून एक अशी कृती निर्माण झाली, की जिचा विचार केवळ भूगोलाच्या शिक्षकाने नव्हे, तर समीक्षकानेही करावा. ती कृती म्हणजे १९७७ साली प्रसिद्ध झालेला जागतिक सागरतळाचा नकाशा. ब्रूस हीझेन व मेरी थार्प हे दोन अमेरिकन भूवैज्ञानिक आणि हाइनरिख बेरान हा ऑस्ट्रियन चित्रकार या तिघांनी तो सिद्ध केला. कला आणि विज्ञान यांच्या सहकार्याविषयी आपण व्यासपीठावरून जे बोलतो, ते पारखून घेण्यास याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

या सहकार्याची रूढ कल्पना अशी, की शास्त्रज्ञाने आशय पुरवावा आणि कलावंताने त्यावर सुंदर वेष चढवावा. आशय व अभिव्यक्ती यांची अशी फारकत साहित्यविचारात आपण केव्हाच त्याज्य ठरविली आहे. विज्ञानाच्या दारात मात्र आपण ती निमूटपणे मान्य करतो. प्रस्तुत नकाशाचा इतिहास पाहिला म्हणजे ही कल्पना तेथेही टिकत नाही, असे दिसून येते.

सागराचा तळ डोळ्यांना दिसत नाही. पूर्वी दोरीला शिशाचा गोळा बांधून खोली मोजीत. पुढे जहाजावरून पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून ती काढू लागले. तथापि अशी खोली केवळ जहाजाच्या वाटेखालची कळते. दोन वाटांमधला विस्तीर्ण प्रदेश कोराच राहतो. कोलंबिया विद्यापीठात, व पुढे त्याच्या लॅमाँट वेधशाळेत, थार्पबाई १९४८ सालापासून काम करीत होत्या. स्त्री म्हणून त्यांना अनेक वर्षे संशोधनाच्या जहाजावर पाऊल ठेवू दिले गेले नाही. जहाजांनी आणलेल्या आकड्यांवरून तळाचे छेद रेखाटणे हे त्यांचे काम. १९५२ साली उत्तर अटलांटिकचे सहा छेद एकाखाली एक मांडून पाहताना त्यांच्या लक्षात आले, की मधल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर प्रत्येक छेदात जवळजवळ त्याच जागी एक खोल खाच आहे. ती खचदरी असेल, तर सागराचा तळ तेथे दुभंगत आहे, आणि वेगेनरची हेटाळली गेलेली खंडविप्लवाची उपपत्ती पुन्हा विचारात घ्यावी लागणार, हे उघड होते. हीझेन यांनी प्रथम हे बायकी बोलणे म्हणून झटकून टाकले. पुढे हॉवर्ड फॉस्टर या सहकाऱ्याने भूकंपांची केंद्रे त्याच प्रमाणाच्या नकाशावर मांडली, आणि ती त्या दरीच्या रेषेत येऊन बसली. तेव्हा हीझेन यांचा विरोध मावळला.

येथे ध्यानात घेण्याची गोष्ट ही, की हा शोध रेखाटनाच्या ओघात लागला. आकड्यांच्या वहीत ती दरी होतीच, पण ती कोणाला दिसली नव्हती. रेखाटणाऱ्या हाताने ती दाखविली. शिवाय खोलीचे समोच्चरेषांचे तपशीलवार नकाशे अमेरिकन नौदलाने गोपनीय ठरविले होते. त्यामुळे या दोघांनी उंचावरून तिरप्या नजरेने भूमी पाहावी तसा तळ रेखाटण्याची पद्धत स्वीकारली, आणि १९५७ साली उत्तर अटलांटिकचे तसे चित्र प्रसिद्ध केले. बंदीमुळे पत्करलेला हा घाट सामान्य वाचकाच्या दृष्टीने वरदान ठरला. समोच्चरेषा वाचण्यास शिक्षण लागते. डोंगर ओळखण्यास लागत नाही.

बेरान यांचा प्रवेश यानंतरचा. आल्प्स पर्वताची विहंगमचित्रे काढण्यात त्यांची हयात गेली होती. 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाने १९६७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या हातचा हिंदी महासागराच्या तळाचा नकाशा प्रसिद्ध केला, पुढील दोन वर्षांत अटलांटिक व पॅसिफिक यांचे नकाशे आले, आणि अखेरीस १९७७ चा जागतिक नकाशा. थार्प यांच्या रेखाटनात जे तर्काने जोडलेले होते, ते बेरान यांनी प्रकाश, छाया व निळ्या रंगाच्या छटा यांनी एकसंध केले. सुमारे ६५,००० किलोमीटर लांबीची एकच पर्वतरांग सर्व महासागरांतून फिरते, हे वाक्य वाचून विद्यार्थी मान डोलावतो आणि विसरतो. या चित्रात मात्र नजर त्या रांगेला लागली, की ती सोडवत नाही. आफ्रिकेला वळसा घालून हिंदी महासागरात शिरते, आणि वर कार्ल्सबर्ग रांगेने आपल्या अरबी समुद्रात येते. पृथ्वी ही घडून संपलेली वस्तू नसून घडत असलेली वस्तू आहे, हा विचार असंख्य सामान्य माणसांच्या मनात या चित्राने रुजविला असेल. कलेचे याहून मोठे कार्य कोणते?

इतके म्हटल्यावर या कृतीतील दोषही स्पष्टपणे सांगितला पाहिजे. जहाजांची सतत ये-जा असलेला अटलांटिक आणि जेथे जहाजे क्वचितच गेली तो दक्षिणेकडील महासागर, हे दोन्ही बेरान यांनी सारख्याच आत्मविश्वासाने रंगविले आहेत. मोजलेले कोणते आणि अनुमानलेले कोणते, याची खूण चित्रात नाही. आधीच्या एका नकाशात माहितीचा अभाव झाकण्यासाठी आपण त्या जागी मोठी सूचिचौकट घातली, जलपऱ्या व फुटकी गलबते काढण्याचेही मनात होते, पण हीझेन यांनी ते मानले नाही, असे थार्प यांनी पुढे मोकळेपणाने लिहिले आहे. जुन्या नकाशांतील जलपरी निदान एवढे तरी सांगत असे, की येथे आमचे ज्ञान संपले. बेरान यांच्या सफाईदार कुंचल्याने ती प्रामाणिक जागाच नाहीशी केली. दुसरे असे, की चढ-उतार डोळ्यांत भरावेत म्हणून उंची अनेक पटींनी वाढविली आहे. वस्तुतः तेथील बहुतेक उतार मंद आहेत. आणि तिसरे, सरासरी ३,७०० मीटर खोलीचे सारे पाणी येथे उपसून टाकले आहे. सागराचा तळ मिळाला, पण सागर हरवला.

तुलनेसाठी एक जुने उदाहरण घेऊ. १९३० ते १९३४ या काळात बर्म्युडाजवळ विल्यम बीब हे पोलादी गोलात बसून समुद्रात उतरत. अखेरीस ते ९२३ मीटरपर्यंत पोहोचले. दिसेल ते दूरध्वनीने वर कळवीत, आणि त्यांच्या वर्णनांवरून एल्स बोस्टेलमन ही चित्रकर्त्री ते मासे रंगवीत असे. त्यांतले काही मासे पुढे कोणालाच आढळले नाहीत. तरीही चित्र पाहणाऱ्याच्या मनात ते पोहत राहिले. चित्राचे सामर्थ्य ते हेच, आणि त्याची जबाबदारीही तीच.

यावर असा आक्षेप येईल, की कोऱ्या जागा तशाच सोडल्या असत्या तर ती पर्वतरांग एकसंध दिसलीच नसती. हे खरे आहे, आणि पुढील संशोधनाने त्या नकाशाची मुख्य आकृती खरी ठरविली, हेही खरे आहे. पण माझा प्रश्न अनुमान बरोबर होते की चूक, हा नाही. वाचकाला अनुमान हे अनुमान म्हणून कळले काय, हा आहे. आधुनिक ध्वनियंत्रांनी तपशीलवार मोजलेला सागरतळ आजही एकूण तळाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपासच आहे. ही गोष्ट शाळेच्या भिंतीवरील नकाशा पाहून कोणाला सुचेल?

आपल्यापुरता या विवेचनाचा अर्थ काय? हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेतून पुढे आलेली आणि १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोनापावला येथे आहे. मराठी लेखक तिच्यापासून फार दूर नाहीत. शास्त्रज्ञाचा निबंध हाती आल्यावर त्याला अलंकार चढविणे म्हणजे विज्ञानसाहित्य नव्हे. थार्प यांच्याप्रमाणे आकड्यांशी झगडता झगडता ज्याला आकार दिसतो, तो लेखक आपल्याला हवा आहे; आणि जेथे आकार दिसत नाही, तेथे थांग लागला नाही असे लिहिण्याचे धैर्यही त्याच्या ठायी हवे. तशा जागी 'अथांग' हा शब्द अलंकार राहणार नाही, ते वस्तुस्थितीचे निवेदन होईल. १९७७ चा नकाशा मी थोर कृती मानतो. म्हणूनच विद्यार्थ्यांसमोर तो उलगडताना त्यातील दरीइतकीच त्यातील झाकलेली रिकामी जागाही बोट ठेवून दाखवावी, असे शिक्षकबंधूंना माझे सांगणे आहे.