भेगा म्हणजे दुष्काळ?

दुष्काळावरचे कोणतेही भित्तिपत्रक किंवा पुस्तिका उघडा, त्यात भेगाळलेल्या जमिनीचे छायाचित्र हमखास सापडते. यांपैकी पुष्कळशी छायाचित्रे 'स्टॉक फोटो' असतात. छायाचित्रकार ती एखाद्या संग्रहाकडे देतो आणि ज्याला हवी तो शुल्क भरून वापरतो. पाहताक्षणी विषय कळावा, ही या बाजाराची पहिली मागणी. म्हणून भेगा खपतात. पण त्या दुष्काळाचा पुरावा आहेत काय?

जालना जिल्ह्यातील तीर्थपुरीचे उदाहरण घेऊ. गोदावरीच्या खोऱ्यातील या काळ्या जमिनीत स्मेक्टाइट गटाची चिकणखनिजे असतात. ओल मिळाली की ती फुगतात, वाळली की आकसतात. त्यामुळे पाऊस उत्तम झालेल्या वर्षानंतरही मोकळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतातच. शेतकऱ्याला त्यांची धास्ती नसते, कारण पहिल्या पावसाचे पाणी त्याच वाटेने खोल मुरते. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यात खरी हानी दिसली ती मोसंबीच्या वाळलेल्या बागांत. वाळकी बाग मात्र चित्रात भेगांइतकी देखणी दिसत नाही!

ही चूक जुनी आहे. अमेरिकेत १९३६ साली आर्थर रॉथस्टीन या सरकारी छायाचित्रकाराने साउथ डकोटा राज्यात भेगाळलेल्या खारवट जमिनीवर पडलेल्या बैलाच्या कवटीची छायाचित्रे घेतली. कवटी त्याने काही फूट हलवून वेगवेगळ्या जागी ठेवली होती. वृत्तपत्रांनी ती चित्रे दुष्काळाची म्हणून छापली. निवडणुकीचे वर्ष असल्याने विरोधकांनी बनावटीचा गवगवा केला. सगळा वाद कवटीवर झाला. तशा खारवट जमिनीला एरवीही भेगा पडतात, हा मुद्दा मला त्याहून महत्त्वाचा वाटतो.

कॅमेराही भर घालतो. विस्तृतकोनी भिंग जमिनीलगत धरले की जवळची भेग दरीसारखी भासते. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सावल्या गडद होऊन ती आणखी खोल वाटते. यात लबाडी नाही. पण शेजारी मापाला काहीच नसेल, तर पाहणारा फसतो.

मग विकले जाईल असे चांगले चित्र कसे घ्यावे? भेगेत फूटपट्टी उभी करा, किंवा शेजारी माणसाचे पाऊल येऊ द्या. क्षितिज, विहीर, झाडे चौकटीत घ्या. ओळखू येणाऱ्या व्यक्तीची संमती आधी घ्या. बातमीसाठीच्या छायाचित्रांबरोबर स्थळ व तारीख संग्रह मागतातच, तेव्हा चित्रओळ नीट लिहा: 'तीर्थपुरी, मे महिना, काळी जमीन, पेरणीपूर्वी'. तिथे 'दुष्काळ' हा शब्द लिहिण्यापूर्वी त्या वर्षीचा पाऊस आणि विहिरीची पातळी विचारून घ्या.

वर्गासाठी एक काम: त्याच बांधावरून, त्याच उंचीवरून जुलैत दुसरे छायाचित्र घ्या. दोन्ही शेजारीशेजारी लावा आणि तारखा झाकून मुलांना विचारा, यांतले दुष्काळाचे कोणते?