कंठाचा वारसा : ‘कट्यार काळजात घुसली’चे माध्यमांतर

गद्य संवाद आणि गायन यांच्या संयोगातून सिद्ध होणारा रंगप्रकार पडद्यावर येतो, तेव्हा देह आणि कंठ यांच्या नात्याचा प्रश्न अपरिहार्यपणे उपस्थित होतो. स्पेनमधील ‘थार्थुएला’ हा असाच प्रकार. त्यातील ‘ला बेर्बेना दे ला पालोमा’ ही १८९४ची कृती १९३५मध्ये बोलपटात अवतरली. मराठीत हा प्रश्न ‘कट्यार काळजात घुसली’च्या संदर्भात विशेष तीव्र होतो, कारण कंठावर मालकी कोणाची, हाच या संहितेचा आशय आहे.

पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७मध्ये रंगभूमीवर आले. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे होते. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे स्वतः गात, म्हणजे अहंकार आणि स्वर एकाच देहात नांदत. सुबोध भावे दिग्दर्शित चित्रपटात (२०१५) हे ऐक्य भंगले : खाँसाहेबांचा देह सचिन पिळगांवकरांचा, गायन राहुल देशपांडे यांचे; सदाशिवाचा देह भावे यांचा, गायन महेश काळे यांचे.

चित्रपटाचा आस्वाद बव्हंशी मूळ प्रयोगाशी तुलनेच्या अंगानेच घेतला गेला. राहुल देशपांडे हे वसंतरावांचे नातू. त्यामुळे नातवाच्या गळ्यातून आजोबांचा स्वर ऐकण्याला स्वाभाविकच भावमूल्य लाभले. परंतु येथेच एक विसंगती संभवते. विद्या ही घराण्याची मिरास नव्हे, असे ही संहिता सुचविते. प्रतिपक्षाची गायकी ध्यास घेऊन आत्मसात करणारा सदाशिव हेच तिचे प्रमाण. अशा कृतीचे मूल्यमापन रक्ताच्या नात्याने करणे म्हणजे खाँसाहेबांचीच भूमिका नकळत स्वीकारणे होय. अभिषेकींचे शिष्य असलेल्या काळे यांना याच चित्रपटासाठी पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. तेथे वारसा शिष्यत्वाचा आहे.

या दृष्टीने पार्श्वगायन ही केवळ तांत्रिक तडजोड उरत नाही. एकाचा स्वर दुसऱ्याच्या देहात वसतो, हे सदाशिवाच्या साधनेचेच दृश्य रूप ठरू शकते. चित्रपटाने ही शक्यता जाणीवपूर्वक हाताळलेली नाही, ही त्याची मर्यादा. समीक्षेने ती पाहिलीच नाही, ही समीक्षेची. लातूर जिल्ह्यातील मुरुडसारख्या गावी ज्याला ‘कट्यार’ प्रथम पडद्यावरच भेटली, त्याच्यापाशी तुलनेसाठी वसंतराव नसतात. अशा प्रेक्षकाचा आस्वाद अपुरा मानण्याऐवजी त्याला आधारभूत धरले, तर माध्यमांतराची समीक्षा स्मरणरंजनातून मुक्त होईल.