नायकाचा प्रवास आणि दुसऱ्याचे घर

जोसेफ कॅम्पबेल या अमेरिकन अभ्यासकाचे ‘द हिरो विथ अ थाउजंड फेसेस’ हे पुस्तक १९४९ साली प्रसिद्ध झाले. जगभरच्या मिथककथांच्या आणि लोककथांच्या तळाशी एकच कथा आहे, असा त्याचा दावा होता. नायक आपले परिचित जग सोडतो, अपरिचित प्रदेशात कसोट्यांना सामोरा जातो आणि काहीतरी मिळवून आपल्या माणसांत परत येतो. प्रस्थान, दीक्षा आणि पुनरागमन अशा तीन भागांत त्याने या प्रवासाचे सतरा टप्पे मांडले. हाक येणे, हाकेला नकार देणे, साहाय्यक भेटणे, उंबरठा ओलांडणे हे त्यांतले सुरुवातीचे टप्पे. जॉर्ज लुकासने १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’साठी या पुस्तकाचा आधार घेतला आणि कॅम्पबेलचे नाव चित्रपटसृष्टीत पोहोचले. पुढे क्रिस्टोफर व्होग्लर याने डिस्ने कंपनीत काम करताना या सिद्धांतावर सात पानांचे एक टिपण लिहिले. त्यातूनच ‘द रायटर्स जर्नी’ हे १९९२ सालचे पुस्तक झाले. त्यात सतरा टप्प्यांचे बारा झाले. एका अभ्यासकाने केलेले वर्णन आता पटकथालेखकाच्या हातातली पाककृती झाले.

हा साचा टिकला याचे कारण तो खोटा नाही हेच आहे. माणूस घर सोडतो, भितो, शिकतो, बदलतो. या अनुभवाला देश नाही आणि धर्मही नाही. व्हिडिओ गेमच्या प्रांतात तर हा साचा अगदी चपखल बसला. खेळाच्या आरंभी बटणे कशी वापरायची हे शिकवणारे पात्र म्हणजे मार्गदर्शक, एकेक पातळी म्हणजे एकेक कसोटी आणि शेवटचा बलाढ्य शत्रू म्हणजे महासंकट. शिवाय चित्रपटात आपण नायकाकडे पाहतो, खेळात आपण स्वतः नायक होतो. उंबरठा ओलांडणारे पाऊल आपल्याच बोटाने पडते. म्हणून ‘मुलांचा खेळ आहे, त्याचा एवढा काय विचार करायचा’ हा युक्तिवाद टिकत नाही.

माझा आक्षेप साच्याच्या एका टप्प्यावर आहे, आणि तो टप्पा म्हणजे उंबरठा. नायक उंबरठा ओलांडून ज्या अपरिचित जगात शिरतो, ते जग अपरिचित कुणाला? नायकाला. पण तिथे माणसे राहत असतात. त्यांच्यासाठी ते रोजचे जग असते. तिथे त्यांच्या चुली पेटतात, मुले शाळेत जातात, म्हातारी माणसे दारात बसतात. साचा यांतिरीकपणे वापरला की ही सारी माणसे नायकाच्या वाटेवरची स्थानके होऊन बसतात. कुणी रखवालदार, कुणी मोह घालणारी स्त्री, कुणी शत्रू. त्यांना स्वतःचा प्रवास उरत नाही.

हे केवळ तात्त्विक बोलणे नव्हे. जॅक शाहीन या अरब-अमेरिकन अभ्यासकाने २००१ साली ‘रील बॅड अरब्ज’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. नऊशेहून अधिक चित्रपट तपासून त्याने दाखवले की, हॉलिवूडचा अरब माणूस बहुतेक वेळा क्रूर, लंपट किंवा हास्यास्पद असतो. डिस्नेचा १९९२ चा ‘अलादीन’ घ्या. इथे नायक अग्रबाह नगरीचाच आहे, म्हणजे अपरिचित जग त्याचे नाही. पण गंमत अशी की उंबरठा इथे प्रेक्षक ओलांडतो. आरंभीचा फेरीवाला प्रेक्षकाला परक्या मुलखात बोलावतो आणि त्याच्या गाण्यात तिथे कान कापले जातात असा उल्लेख येतो. अरब-अमेरिकन लोकांच्या निषेधानंतर १९९३ मध्ये घरगुती व्हिडिओच्या आवृत्तीत ती ओळ बदलली गेली. त्या मुलखाला रानटी म्हणणारा शब्द मात्र तसाच राहिला. नायक-नायिका अमेरिकन ढंगाने बोलतात, शिपायांचे आणि दुकानदारांचे उच्चार मात्र परके. आपल्याच नगरीत नायक पाहुण्यासारखा वावरतो आणि नगरी परकी ठरते.

खेळांच्या बाबतीत २००७ सालच्या ‘कॉल ऑफ ड्यूटी ४ : मॉडर्न वॉरफेअर’चे उदाहरण बोलके आहे. त्यातले अर्धे युद्ध मध्यपूर्वेतल्या एका देशात घडते आणि त्या देशाला नावच नाही. सुरुवातीला एक विलक्षण प्रसंग येतो. सत्तापालटात पकडला गेलेला त्या देशाचा अध्यक्ष मोटारीतून वधस्थळी नेला जातो आणि आपण त्याच्या डोळ्यांनी शहर पाहतो. खेळाडूला इथे फक्त मान वळवता येते, दुसरे काही करता येत नाही. पुढे अणुस्फोटात सापडलेला अमेरिकन सैनिक राखेतून सरपटत जातो आणि मरतो, तोही आपल्याच हातून चालणारा. नायक वाचतोच या साच्याला खेळकर्त्यांनी इथे धक्का दिला, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. परंतु त्याच स्फोटात जे शहर गेले त्याचे काय? सैनिकाचे मरण आपण भोगतो, शहराचे मरण पार्श्वभूमीला राहते. ज्या एका स्थानिक माणसाच्या डोळ्यांत आपल्याला प्रवेश मिळाला, त्याला हातपाय हलवण्याची मुभा नव्हती. कृती करण्याचा अधिकार कुणाला दिला आणि कुणाला नाही, यातच खेळाचे राजकारण असते.

त्याच वर्षीच्या ‘असॅसिन्स क्रीड’ने वेगळी वाट धरली. नायक अल्ताईर, काळ तिसऱ्या क्रूसेडचा, साल ११९१, आणि शहरे दमास्कस, एकर व जेरुसलेम. आपल्या इतिहासातल्या गल्ल्यांतून आपल्याच नावाचा माणूस नायक म्हणून फिरतो, याचे अप्रूप वाटणे साहजिक आहे. तरीही कथेची चौकट पाहा. अल्ताईरचे आयुष्य ही डेस्मंड माइल्स या अमेरिकन वंशजाची स्मृती आहे आणि तो ती एका प्रयोगशाळेत यंत्रावर पडून पुन्हा अनुभवतो. प्रवास अल्ताईरचा, पण दरवाजाची किल्ली दुसऱ्याकडे. याच मालिकेतला २०२३ चा ‘मिराज’ नवव्या शतकातल्या बगदादमध्ये घडतो. त्याचा नायक बासिम याच मुलखात चोऱ्या करून वाढलेला. इथे कसोट्यांची भूमी आणि नायकाचे घर पुष्कळ अंशी एकच आहे. बदल होतो, पण असा हळूहळू होतो.

या प्रश्नाला सर्वांत थेट भिडलेली कलाकृती म्हणजे ‘ड्यून’. फ्रँक हर्बर्टची कादंबरी १९६५ ची. पॉल हा सरदारपुत्र वाळवंटी ग्रहावर येतो, तिथल्या फ्रेमेन लोकांत मिसळतो आणि त्यांचा तारणहार होतो. महदी, मुअद्दिब, लिसान अल-गैब हे शब्द आपल्याला ओळखीचे आहेत. वरवर पाहता सगळे टप्पे जागच्या जागी आहेत. पण हर्बर्टने त्यात एक सुरुंग पेरला आहे. तारणहाराची जी भविष्यवाणी फ्रेमेन पिढ्यान्‌पिढ्या जपतात, ती मुळात बाहेरच्या एका पंथाने स्वतःच्या सोयीसाठी त्यांच्यात पसरवलेली असते. म्हणजे नायकाला आलेली हाक दैवी नाही, तीही कुणीतरी तयार केलेली आहे. १९६९ च्या ‘ड्यून मसाया’मध्ये या नायकत्वाची किंमत कोट्यवधी प्राणांत मोजली जाते.

डेनिस व्हिलनव्हने २०२१ आणि २०२४ मध्ये या कादंबरीवर दोन चित्रपट केले. त्यांत मध्यपूर्वेच्या संस्कृतीचा रंग आहे, पण प्रमुख भूमिकांत तिथली माणसे फारशी नाहीत, ही टीका झाली आणि ती रास्त आहे. मात्र दुसऱ्या चित्रपटाच्या शेवटी दिग्दर्शकाने मूळ कथेत केलेला बदल महत्त्वाचा आहे. कादंबरीत पॉल राजकीय सोयीसाठी सम्राटाच्या मुलीशी लग्न ठरवतो आणि त्याची प्रेयसी चानी त्याच्या बाजूला राहते. चित्रपटातली चानी भविष्यवाणीवर विश्वास ठेवत नाही. सगळे गुडघे टेकतात तेव्हा ती टेकत नाही, आणि शेवटी एकटी वाळवंटात निघून जाते. नायकाचा विजय आपण तिच्या चेहऱ्यावर पाहतो. ज्या भूमीला नायकाने कसोटीचे मैदान मानले, ते तिचे घर होते, हे त्या चेहऱ्यावरून कळते. साचा न मोडता त्याला उलटा प्रश्न कसा विचारावा याचा हा धडा आहे.

आता थोडे आपल्या दास्तानांकडे. कॅम्पबेलने हाक नाकारण्याच्या टप्प्यासाठी ‘अलीफ लैला’तल्या शहजादा कमरुज्जमानची कथा घेतली आहे. लग्नाला नकार देणारा हा शहजादा बुरुजात कैद होतो आणि जिन्नांच्या करामतीने शहजादी बुदूर त्याला भेटते. मूळ कथा मात्र पुढे बरीच चालते. नवरा प्रवासात हरवतो तेव्हा बुदूर त्याचे कपडे घालते, पुरुष म्हणून सफर करते, एका बेटाच्या राज्यात पोहोचते आणि चक्क तिथले राज्य चालवते. म्हणजे जी नायकाचे ‘प्राप्तव्य’ होती तीच नायक होते. दास्तान सांगणाऱ्याला यात काही अडचण वाटत नाही, कारण त्याच्यापाशी टप्प्यांची यादी नव्हती. वाटेत भेटलेल्या कुणाचीही गोष्ट तो सुरू करू शकत होता.

पुनरागमनाचेही तसेच. आजच्या बहुतेक खेळांत शेवटचा शत्रू पडला की नामावली सुरू होते. परत येऊन काय दिले हा प्रश्नच राहत नाही. सिंदबादच्या सात सफरी मात्र घरी परतलेला सिंदबाद सांगतो आणि ऐकणारा असतो एक गरीब हमाल. प्रत्येक सफर सांगून झाल्यावर तो त्या हमालाला जेवू घालतो आणि शंभर अश्रफ्या देतो. कथा आणि कमाई दोन्हींत ज्याने घर सोडले नाही त्याचा वाटा आहे, ही जाणीव त्या चौकटीत आहे.

फरीदुद्दीन अत्तारच्या ‘मन्तिकुत्तैर’मध्ये तर साऱ्या कल्पनेलाच वेगळे वळण आहे. निशापूरच्या या बाराव्या शतकातल्या सूफी कवीने पक्ष्यांच्या यात्रेची कथा लिहिली. हुदहुद त्यांना सीमुर्गच्या शोधाची हाक देतो. बुलबुल गुलाबाचे कारण सांगतो, बदक पाण्याचे, घुबड ओसाड जागेतल्या खजिन्याचे. हाकेला नकार इथेही आहे. मग तलब, इश्क, मारिफत, इस्तिग्ना, तौहीद, हैरत आणि फना या सात दऱ्या येतात. शेवटी तीस पक्षी पोहोचतात आणि त्यांना कळते की सी मुर्ग, म्हणजे तीस पक्षी, तेच सीमुर्ग आहेत. इथे परक्या भूमीत कुणी शत्रू नाही, लूट नाही. प्रवास एकट्याचा नाही आणि जिंकायचे तर कुणालाच नाही.

असा खेळ होऊ शकतो का? २०१२ साली तो झाला. त्याचे नाव ‘जर्नी’. जेनोव्हा चेन याच्या गटाने तो कॅम्पबेलचाच आराखडा समोर ठेवून केला. अत्तारशी त्याचा संबंध जोडण्याचा माझा आग्रह नाही, पण साम्य मन वेधून घेते. झग्यातली एक आकृती वाळवंटातून दूरच्या प्रकाशमान पर्वताकडे चालते. हातात शस्त्र नाही. वाटेत दुसरा एक प्रवासी भेटतो. तो जगात कुठेतरी बसलेला खराखुरा खेळाडू असतो. त्याचे नाव दिसत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. खेळ तयार होताना चाचणीत लोक एकमेकांना ढकलून देत असल्याचे कर्त्यांना दिसले. त्यांनी लोकांना उपदेश केला नाही, नियम बदलला. ढकलणे काढून टाकले आणि जवळ आल्याने दोघांनाही उडण्याचे बळ मिळेल असे केले. तेच खेळाडू मग हिमवादळात एकमेकांना बिलगून चालू लागले. शिखर गाठल्यावर नायक तारा होऊन जिथून निघाला तिथे परततो, आणि सोबत्यांची नावे अगदी शेवटी कळतात. साचा तोच, टप्पे तेच. पण दुसरा माणूस स्थानक न राहता सोबती झाला.

त्यामुळे साचा टाकून द्या असे माझे म्हणणे नाही. ग्रामीण, दलित आणि मुस्लिम मराठी लेखनाने मराठी साहित्याला विचारलेला प्रश्नच इथे विचारायचा आहे : मध्यभागी कोण आहे आणि कडेला कुणाला बसवले आहे? हा प्रश्न हॉलिवूडला विचारून मोकळे होणे सोपे आहे. तो स्वतःलाही विचारावा लागेल. कोकणातून आखातात कमवायला गेलेल्या माणसाची कथा लिहिताना आपणही हाच साचा नकळत वापरतो. निरोप, परका मुलूख, कष्ट, आणि पेटी घेऊन परतणे. त्या वर्षांत जिने घर चालवले, सासूचे आजारपण काढले, मुलांच्या शाळेत एकटीने जाऊन सही केली, तिचा प्रवास आपल्या कथेत किती पाने घेतो? उंबरठा तिने ओलांडला नाही असे आपण धरून चालतो. तो तिने किती वेळा ओलांडला, हे मोजण्याचे काम आपल्या लेखकांनी अजून पुरे केलेले नाही.