शेवटच्या वाफ्यातलं पाणी

समुद्राच्या पाण्याचं बाष्पीभवन केलं की मीठ वेगळं होतं, असं आपण शाळेत पाठ करतो. मिठागराची खरी करामत या वाक्यातून निसटते. एक लिटर समुद्राचं पाणी चुलीवर पार आटवलं तर तळाशी साधारण ३५ ग्रॅम क्षार उरतात. त्यांत खायचं मीठ २७ ग्रॅमच्या आसपास, बाकी जिप्सम आणि मुख्यतः मॅग्नेशियमचे कडवट क्षार. पाणी गेलं, पण मिश्रण मिश्रणच राहिलं.

शिरोड्याच्या मिठागरात हेच पाणी एका वाफ्यातून पुढच्या वाफ्यात घेतात, आणि सगळं रसायनशास्त्र त्या पुढे घेण्यात आहे. जो क्षार पाण्यात कमी विरघळतो तो आधी खाली बसतो. पाणी आटून पाचव्या हिश्श्यावर आलं की जिप्सम, दहाव्यावर आलं की मीठ. उसिग्लिओ या रसायनतज्ज्ञाने १८४९ मध्ये भूमध्य समुद्राचं पाणी आटवून हा क्रम मोजला. आगरांतली माणसं त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून याच क्रमावर मीठ पिकवत होती.

खरी बहार शेवटच्या वाफ्यात आहे. वारा पडला की पाण्याच्या पृष्ठभागावर इवलासा चौकोनी स्फटिक धरतो. वजनाने तो किंचित खाली जातो, पाण्यालगतच्या कडांवर नवा थर चढतो, पुन्हा थोडा बुडतो. असा पायऱ्यापायऱ्यांचा पोकळ, उलटा पिरॅमिड तरंगत वाढतो आणि भार पेलेनासा झाला की तळाला जातो. सोडियम आणि क्लोराइड त्यात एकाआड एक बसलेले असतात. त्या मांडणीत मॅग्नेशियमला जागा मिळत नाही, ते पाण्यातच राहतं. इथे निवडण्याचं काम स्वतः स्फटिक करतो, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पण कुठे थांबायचं हे माणसालाच ठरवावं लागतं. पाण्याचा दाटपणा दाखवणाऱ्या बोमे मापकावर पाणी २५ अंशांच्या आसपास आलं की मीठ धरू लागतं आणि ३० च्या सुमारास उरलेलं दाट पाणी काढून टाकतात. त्या पाण्यात अजून मीठ असतं, तरीही. आणखी आटवलं तर मॅग्नेशियमचे क्षार मिठात उतरतात, मीठ कडू लागतं आणि हवेतला ओलावा ओढून त्याला पाणी सुटतं.

मिश्रणांचा धडा शिकवणाऱ्या शिक्षकांनी उन्हं तापू लागली की वर्ग जवळच्या मिठागरावर न्यावा. मुलांच्या हाती भिंग द्यावं आणि काढून टाकायच्या पाण्याचा एक थेंब प्रत्येकाच्या जिभेवर पडू द्यावा.