ग्रंथाचा कर्ता कोण?

ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या अखेरीस ‘प्रकटीकरण’ नांवाचें एक पुस्तक आहे. सात शिक्के, चार घोडेस्वार, समुद्रांतून वर येणारें श्वापद आणि स्वर्गांतून उतरणारें नवें यरुशलेम अशा दर्शनांनीं तें भरलेलें आहे. पात्म बेटावर हीं दर्शनें पाहणारा द्रष्टा आपलें नांव योहान असें चार वेळां सांगतो. परंतु ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकीं योहान तो आपणच, असें एकदांही म्हणत नाहीं. दुसऱ्या शतकांत जस्टिन व इरेनियस यांनीं त्यास शिष्य योहानच मानिलें आणि परंपरेनें तेंच उचललें. तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस यानें योहानाच्या नांवावरील शुभवर्तमान आणि हें पुस्तक शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलें. एकाचें ग्रीक निर्दोष, दुसऱ्याचें व्याकरणांत जागोजाग अडखळणारें. शब्दसंपत्ति निराळी, विचारांची ठेवण निराळी. यावरून हा योहान दुसरा कोणी असावा, असा त्यानें निर्णय दिला. पुस्तक मात्र त्यानें टाकून दिलें नाहीं. तें आपल्या बुद्धीच्या आवांक्याबाहेरचें आहे, एवढ्यावरून तें खोटें ठरत नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें.

हा वाद वऱ्हाडांतील वाचकास परका वाटण्याचें कारण नाहीं. अमरावती जिल्ह्यांत मोर्शी तालुक्यांत रिद्धपूर आहे, आणि तेथें घडलेल्या ‘लीळाचरित्रा’विषयीं हाच प्रश्न उभा राहतो. आपलीं पाठ्यपुस्तकें तो एका ओळींत मिटवितात : ग्रंथ लीळाचरित्र, कर्ता म्हाइंभट, काळ शके १२००. ही ओळ खोटी नव्हे. पण ती पुरी आहे काय?

चक्रधरस्वामी इ. स. १२७४ च्या सुमारास उत्तरापंथें निघून गेल्यावर नागदेवाचार्य व इतर शिष्य रिद्धपुरीं श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानीं राहिले. तेथें नागदेवाचार्यांनीं लीळा आठवून सांगाव्या आणि म्हाइंभटांनीं त्या उतरून घ्याव्या, असा क्रम चालला. जेथें नागदेव साक्षी नव्हते, तेथें म्हाइंभट प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडे गेले. म्हणजे पहिल्याच प्रतीच्या वेळीं सांगणारा एक, लिहिणारा दुसरा. ‘एकांक’ या भागाची गोष्ट तर याहून बिकट आहे. तो स्वामींच्या एकट्याच्या भ्रमंतीचा काळ. त्यास शिष्यांपैकीं साक्षी कोणीच नव्हता. स्वामींनीं पुढें प्रसंगाप्रसंगानें जें सांगितलें, तेंच तेथें आहे. त्या भागाचा कर्ता कोणास म्हणावें?

पुढें खालशाच्या धाडींत ही मूळ प्रत नाहींशी झाली. मग ज्यांना जें मुखोद्गत होतें, त्यांनीं तें पुन्हां सांगितलें आणि ग्रंथ पुन्हां उभा राहिला. हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास अशीं नांवें त्या कामाशीं जोडलेलीं आहेत. आज आपल्या हातीं येतो तो हा ग्रंथ, म्हाइंभटांच्या हातचा कागद नव्हे.

डायोनिसियसची कसोटी येथें लावूं जावें, तर ती चालत नाहीं. त्याच्यापुढें दोन पुस्तकें होतीं आणि दोघांचें ग्रीक निरनिराळें होतें. येथें सांगणारे सगळे एकाच पंथाचे, जवळजवळ एकाच काळाचे, आणि स्वतःचें कांहीं न घालतां म्हाइंभटांचेंच वाक्य जपण्याची धडपड करणारे. भाषेवरून हात ओळखावा, तर हात लपविण्याचीच येथें प्रतिज्ञा आहे! मात्र पंथानें एक मोठें काम करून ठेविलें. पाठांत भेद आढळला, तेथें तो बुजविला नाहीं. अमक्याची ‘वासना’ अशी, तमक्याची तशी, असें नोंदवून दोन्ही आठवणी शेजारीं ठेवल्या. एवढा प्रामाणिकपणा धर्मग्रंथांच्या इतिहासांत विरळा. कित्येक भाविकांस असली चर्चा म्हणजे श्रद्धेवर घाला वाटते; त्यांनीं आपल्याच पोथ्या एकदां या दृष्टीनें उघडून पाहाव्या.

उलट अभ्यासकांची चूक निराळी आहे. लीळाचरित्रांतील एखादें क्रियापदाचें रूप किंवा विभक्तीचा प्रत्यय उचलून ‘शके १२०० ची मराठी अशी होती’ असें बेधडक विधान केलें जातें. तें रूप म्हाइंभटांचें, कीं पुढें आठवून सांगणाऱ्याचें, कीं त्याहूनही नंतरच्या लेखकूचें, हें आधीं पाहावयास नको काय? ह. ना. नेने यांनीं १९३६-३७ च्या सुमारास नागपुराहून हा ग्रंथ भागाभागानें छापला. पुढें वऱ्हाडचेच वि. भि. कोलते यांची मोठी आवृत्ति १९७८ सालीं निघाली. सकळ लिपींत मिटून राहिलेलें हें वाङ्मय सामान्य वाचकापर्यंत आलें, तें अशा परिश्रमांमुळें. त्यांच्या ऋणाबद्दल दुमत नाहीं. परंतु एकसंध पाठ हातीं पडला, कीं वाचक त्यास एका लेखणीचा समजून चालतो, हेंही तितकेंच खरें.

म्हाइंभटांचें नांव मुखपृष्ठावर राहावें. साक्षी शोधीत हिंडण्याचे कष्ट त्यांचे आहेत आणि ग्रंथाची कल्पनाही त्यांचीच. पण रिद्धपुरास २०२४ सालीं मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालें आहे, तेथें कोणी नवी आवृत्ति हातीं घेतली, तर हिराइसेचें नांव तळटीपेच्या बारीक टाइपांत न ढकलतां, जेथें तिची आठवण वेगळी पडते तेथेंच, मूळ मजकुराच्या ओळींत छापावें.